फर्माइशवाली रेणू

रेणू आमच्या केबल चॅनेलवर आली ती बियाण्याची जाहिरात वाचायला. राजूरकडच्या खेड्यातली पोरगी, वडील धुळाजी मेंढरं राखायचे. जालन्यात मामाकडे राहून ती कॉलेज करत होती. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानाच्या वर आमचा स्टुडिओ. मालक गयासोद्दीनभाई, आणि कॅमेऱ्यावर मी, आमेर.

थेट प्रक्षेपणात निम्मी जाहिरात वाचून ती थांबली आणि सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "इतकं पीक येत असंल, तर कंपनीवालेच शेती का करीत न्हाईत?"

जाहिरात हातची गेली. पण 'त्या पोरीला पुन्हा दाखवा' म्हणून फोन येऊ लागले, तेव्हा भाईंनी तिला संध्याकाळचा फर्माइशीच्या गाण्यांचा कार्यक्रम दिला. "जरा सांभाळून बोल, बेटा," एवढंच म्हणाले.

सांभाळणं तिला जमलं नाही. एका नगरसेवकाच्या वाढदिवसाला त्याची सगळी कार्यकर्ती पोरं एकच गाणं मागत राहिली. रेणूनं फोनवरच विचारलं, "भाऊंचा वाढदिवस हाय, का भाऊंना ऐकू कमी येतं?" भाईंनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी खुद्द भाऊंचाच फोन आला. "ताई, कान बराबर आहेत माझे. आज एखादं जुनं गाणं लावा." तिनं लावलं. भाई दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी हसले.

मग आदिनाथ आला, ऑर्केस्ट्रातला नावाजलेला गायक. गणपतीच्या कार्यक्रमात त्याची ध्वनिफीत एकाच ओळीवर अडकली होती आणि तो नुसता ओठ हलवत होता, हे साऱ्या गावानं पाहिलं होतं. रेणूनं पहिलाच प्रश्न टाकला, "त्या दिवशी गळा घरी ठेवून आल्ता का?"

आदिनाथ म्हणाला, "आवाज बसलाय माझा, तीन महिने झाले. पण घर चालवायचं, मंग काय करू?"

रेणूनं आपली पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली. "चुकलं माझं, दादा. आता गा. जसा असंल तसा आवाज."

तो गायला. आवाज घोगरा, मधेच तुटणारा. पण गाणं संपलं तसा फोन थांबेना. त्यानंतर त्याला गाण्याच्या छोट्या बैठकांची बोलावणी येऊ लागली, ओठ हलवायची गरज उरली नाही.

त्याच आठवड्यात धुळाजी स्टुडिओत आले. गावातल्या हॉटेलात त्यांनी तो कार्यक्रम पाहिला होता. खुर्चीच्या टोकावर बसून चहा प्यायले आणि भाईंना म्हणाले, "पोरगी लई बोलती. पण त्या माणसाला पाणी दिलं, ते बरं केलं."

रेणू आता पुण्यात मोठ्या संगीत वाहिनीवर असते. ईदला आमच्याकडे आली होती. माझ्या बायकोला, मारियाला म्हणाली, "वहिनी, शीरखुर्म्यात साखर कमी पडलीय." आणि दुसऱ्यांदा वाटी पुढं केली.