बांधाकडेची नांगरट

कुंडलला आमच्या शेजारी एक रिटायर सुभेदार एकटेच राहतात. लेक पुण्याला गेला, त्याचा कॉम्प्युटर मागं राहिला आणि त्यात शेतीचा एक गेम राहिला. दुपारचं जेवण झालं, की सुभेदार भिंतीपलीकडून मला हाक मारतात. पडद्यावरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत.

नांगर निवडायचा, तर लेकीला स्थळ बघावं तसे बघतात. रोटाव्हेटर दाखवला, की मान हलवतात.

"न्हाई रं गड्या. माती पिठागत हुती."

मोठा पलटी नांगर तर कधीच घेत नाहीत.

"वळताना बांधात घुसंल. शेजारी बोंबलत यील."

"आवं आबा, गेममधी शेजारी कुठला?"

तरी लहानच नांगर जोडतात आणि बांधाकडेनं हातभर रान सोडून नांगरतात. कधी कधी मला वैताग येतो.

परवा गेलो, तर मोठा पलटी नांगर जोडलेला. मला न विचारता. माझ्यादेखत त्यांनी ट्रॅक्टर सरळ बांधावर घातला, शेजारचं रान चांगलं पाच-सहा हात नांगरून काढलं आणि इंजिन बंद केलं. मग गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले.

"आबा, आता काय?"

"थांब रं जरा. भांडायला येतंय का कुणी, बघू."

मी खुर्ची ओढून बसलो. त्यांनी बांधावरची नजर हलवली नाही.