ताज्या तेलाची बाटली

११ जून. कातडीच्या चाचणीची फी एक हजार आठशे चाळीस. बोळेमामांनी नोटा काउंटरवर मोजून ठेवल्या, पावतीची नीट घडी करून वरच्या खिशात घातली आणि मनाशी म्हणाले, आता कागद हातात पडला की सुटलो.

संत्र्याच्या सालीतून तेल काढणाऱ्या कारखान्यात त्यांची तेवीस वर्षं गेली होती. हातात सदा बोळा, म्हणून नाव बोळेमामा. यंत्रांवरचा चिकटा पुसायला तिथे सालीचंच उरलंसुरलं तेल वापरत. बोळा पिंपात बुडवायचा आणि घासत सुटायचं. गेली दोन वर्षं हात असे फुटले होते की शर्टाची बटणं बायको लावून देई. त्यांनी पॅकिंगमध्ये बदली मागितली, तर मॅनेजर हसला.

"मामा, लोक पैसे मोजून संत्री खातात. तुम्हाला वर पगार देऊन वास देतो आम्ही, तरी तक्रार? निसर्गाची वस्तू ती! तेलामुळेच झालं असा डॉक्टरचा कागद आणा, दुसऱ्या दिवशी बदली."

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी कामावरचं तेल थोडं आणायला सांगितलं होतं. मामांनी शीतगृहातून सीलबंद बाटली मागून घेतली, त्याच सकाळी भरलेली, सोन्यासारखी पिवळी. परक्यापुढे कारखान्याची वस्तू ठेवायची तर चांगलीच ठेवावी, एवढं त्यांना कळत होतं. बाईंनी ते तेल पातळ करून पट्टीखाली पाठीवर चिकटवलं. दोन दिवस पाठीला पाणी नाही, खाजवणं नाही. मामा खुर्चीलासुद्धा टेकले नाहीत. चौथ्या दिवशी बाईंनी शेवटचं पाहिलं. पाठ कोरी करकरीत.

"तेल निर्दोष," मॅनेजरने कागद मोठ्याने वाचला. "मामा, घरी भांडी घासता वाटतं?"

ऐकणारे सगळे हसले. मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी बायकोने वेगळीच शंका काढली.

"अहो, तुम्ही डब्यात रोज संत्रं न्यायचात. तेच अजून अंगावर उठत असेल."

"दीड महिना तोंडात फोड घातलेली नाही! हात बरे झाले का?"

"माझ्यावर कशाला ओरडता? त्या बाईंना विचारा."

ते विचारायला नव्हे, भांडायलाच गेले. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, बाटलीतलं तेल आणि तुमच्या पिंपातलं तेल एकच का?"

"छे! पिंपातलं तीन-तीन महिने उघडं असतं. काळपट, खवट. तो गाळ तुमच्यापुढे कसा ठेवणार? कारखान्याची अब्रू आहे काही."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अब्रू राखलीत आणि स्वतः खोटे ठरलात! अहो, संत्रं खाल्लं तर त्यातलं तेल यकृत मोडून टाकतं आणि एक-दोन दिवसांत ते बहुतेक लघवीवाटे निघून जातं. उघड्यावरच्या तेलाची गोष्ट वेगळी. हवा लागून त्यात नवेच पदार्थ तयार होतात. ताजं तेल सोसणारी कातडी त्यांच्यावर उठते. आणि कातडीने एकदा वैर धरलं की ते सहसा जन्मभर सुटत नाही."

दुसऱ्या दिवशी मामांनी पिंपातलंच तेल नेलं. या वेळी पाठीवर नाण्याएवढा लालभडक चट्टा उठला, वर बारीक फोड. पाठ सोलवटली म्हणून खूश झालेला माणूस बायकोने पहिल्यांदाच पाहिला.

मॅनेजरने दोन्ही कागद शेजारी ठेवले. "म्हणजे आमचं तेल चांगलंच आहे. पिंप उघडं राहिलं हा दोष. पिंप कुणाकडे असतं, मामा?"

"माझ्याकडे. पण त्याला झाकणच नाही, साहेब. सहा वर्षांत तीनदा लिहून दिलंय."

"झाकण उद्या येईल. मग तक्रार मिटली."

"झाकण पिंप झाकेल. हातांचं काय? बाईंनी लिहिलंय, आता थोडंसं लागलं तरी उठेल."

मॅनेजर कंटाळला. त्याने टाइप केलेला अर्ज पुढे सरकवला. पॅकिंगमध्ये बदली, 'स्वतःच्या विनंतीवरून'. विनंतीची बदली म्हणून यंत्रसफाईचा भत्ता बंद. तेलाचा उल्लेख कुठेच नाही.

"यात तेल लिहा," मामा म्हणाले.

"मग बदली नाही."

मामांनी अर्ज दोनदा वाचला. रागाने कान तापले होते. पेन धरताना अंगठ्याची भेग उघडली आणि कागदाच्या कोपऱ्यावर रक्ताचा ठिपका पडला. त्यांनी सही केली.

झाकण आलं, पण ते पिंपाला बसत नाही. मामांच्या जागी आलेला माणूस उघड्याच पिंपात बोळा बुडवतो. मामांनी त्याला दोनदा सांगून पाहिलं. "निसर्गाचीच वस्तू ना, मामा?" असं म्हणून तो हसतो.

दुसऱ्या चाचणीचे सातशे वीस मामांनी थोरल्या बहिणीकडून घेतले होते. त्यातले तीनशे वीस अजून द्यायचे आहेत.