करलीचा काटा आणि कळंबची सोयरीक

माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमीचं लग्न एका माशामुळे मोडता मोडता राहिलं, आणि तो मासा मीच कोकणातून आणला होता.

साठ-एकसष्टची गोष्ट. मी रत्नागिरीला कारकून, घर मात्र समुद्रापासून लांब, बोरी अरबला. सुमीला पाहायला कळंबचे पाहुणे येणार आणि मुलाच्या वडिलांना मासे फार आवडतात, असं कळलं. मग काय! मी खारवलेली करली पोत्यात गुंडाळून निघालो. (घाट चढून आल्यावर रेल्वेत वासामुळे अख्खा बाक मला एकट्याला मिळाला!)

करली म्हणजे हातभर लांब, चकचकीत, तोंडात सुयांसारखे दात. माय पाहूनच मागे सरली.

"अव माय! मासा हाय का साप? काटे किती असन याले?"

"काटे नाहीत याले! मी रोज खाऊन राह्यलो ना तिकडे!"

खात होतो, हे खरं. पण खानावळीच्या काकू आधी त्याचे काटे वेचून काढतात आणि मगच ताटात वाढतात, हे मला कुठे ठाऊक! मी कधी चुलीकडे फिरकलो असेन तर शपथ!

"नदीतली वाम कापते तसे तुकडे पाड," मी तोऱ्यात सांगितलं. बिचारीने पाडले.

पाहुणे जेवायला बसले. मुलाच्या वडिलांनी, आबांनी, कालवणातला मोठा तुकडा तोंडात टाकला, मान डोलावली आणि म्हणाले, "पोरगी आमाले..."

आणि थांबले! डोळे वटारले. पसंत की नापसंत, सगळं घशातच अडकलं.

"पोरगी काय, आबा?" बाबांनी आशेने विचारलं.

"ख्ख!"

"हो म्हनते का नाई म्हनते रे?" माय माझ्या कानाशी लागली.

"काटा म्हनते व माय!"

मी केळं भरवलं. पाठीत धपाटे घातले. आबा लाल झाले, मग जांभळे. मुलाचे काका पाटावरून उठले. "पोरगी दाखवाले बलावलं, का मानूस माराले?" सोयरीक तर गेलीच होती, आता तेरावंही आमच्याच अंगणात होणार!

विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, अशी ताकीद मिळालेली सुमी तेवढ्यात ताडकन उठली. तिने ज्वारीच्या भाकरीचा गोळा आबांच्या तोंडात कोंबला.

"चावू नका! गिळा! गिळा म्हनते ना!"

आबांनी मुकाट्याने गिळला. पाणी प्यायले.

"गेला," आबा म्हणाले.

हुश्श! बाबा मटकन खाली बसले. माय रडता रडता हसू लागली. मला तर आबांच्या पायावर लोळण घ्यावीशी वाटली.

"आमच्या घरी मले दटावनारं कोनीच नव्हतं," आबा सुमीकडे पाहत म्हणाले. "पोरगी पसंत हाय! फक्त एक करा. लग्नाच्या पंगतीत ह्या पोट्ट्याले वाढू देऊ नका."

लग्न थाटात झालं. मला लांब, पाहुण्यांच्या चपला सांभाळायला बसवलं होतं. तरी मुलाचे काका मधूनमधून येऊन पाहून जात, की मी कुणाला काही खायला तर देत नाही ना!