घडीतली आई

कपड्याला सुरकुती दिसली की थोरलीचा हात आपोआप पाण्याच्या वाटीकडे जायचा. बोटं बुडवायची, झटकायची, मग इस्त्री. आईनं हे शिकवलं ते ती फ्रॉक घालत होती तेव्हा. आई गेली, पण इस्त्रीच्या दुकानात टेबल तेच राहिलं, वाटीही तीच. थोरलीचं लग्न राहिलं ते राहिलंच. गिऱ्हाइकांची नावं तिला आठवत नसत, कॉलरी मात्र सगळ्यांच्या पाठ.

आईचा एकही फोटो नव्हता. होतं ते शाईचं चित्र. पूर्वी माडीवर एक भाडेकरू राहायचा, बाह्या कायम शाईनं माखलेल्या. एकदा इस्त्री तापायची वाट बघत आई उभी होती, तेव्हा त्यानं कपडे गुंडाळायच्या कागदावर दहा-बारा रेघांत तिला पकडली. मान जरा कललेली, ओठ आवळलेले आणि डोळे असे की समोरच्यानं नजर खाली घालावी. आईनं कागदाची चौघडी करून कपाटात चादरींखाली ठेवली. भाडेकरू पुढे फार मोठा चित्रकार झाला. मेल्यावर आणखी मोठा झाला.

त्याच्या साध्या रेघांनाही आता लाखो रुपये मिळतात, हे धाकट्या भावाला वर्तमानपत्रातून कळलं, आणि ते नेमकं बायकोचं हृदयाचं ऑपरेशन डोक्यावर असताना. तो दुकानात येऊन मान खाली घालून बसला. मागितलं काहीच नाही. तिला तेच जास्त लागलं.

"घेऊन जा की," ती म्हणाली. "आई काय कागदात बसलीय?"

चित्रांचा दलाल मोबाइलवरचा फोटो बघून खूश झाला. घड्या तेवढ्या फार आहेत, असं जाता जाता बोलला.

तो न्यायला यायच्या सकाळी तिनं चित्र टेबलावर पसरलं. घडी नेमकी डोळ्यांवरून गेली होती. परक्या माणसांसमोर आई अशी चुरगळलेली कशी जाईल? तिनं इस्त्री मंद ठेवली, मधे धरायला मलमलीचा तुकडाही काढला. इतकं सगळं केलं, आणि बोटं वाटीत जाऊन केव्हा झटकली गेली ते तिला कळलंच नाही.

शाई आधी नुसती फुगली. मग डोळे गालांवर उतरले. ती फडक्यानं टिपायला गेली, तर हनुवटीही पुसली गेली.

दलाल आला तसा गेला. भाऊ ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं हळू विचारलं, "ताई, तुला द्यायचं नव्हतं का?"

"द्यायचं होतं रे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

दुपारी भावजय धापा टाकत आली, स्टुलावर टेकली. कागदाकडे बराच वेळ बघत राहिली.

"बरं झालं, वन्सं. सासूबाई माझ्याकडे कायम डोळे वटारूनच बघायच्या."

दोघी हसल्या. हसता हसता भावजयीला धाप लागली, ती काही केल्या थांबेना. थोरली तिची पाठ चोळत राहिली.

पैशांअभावी ऑपरेशन पुढे ढकललंय. चित्र आता भिंतीवर आहे, ते कुणी नेत नाही. थोरली वाटीशी पोचलेल्या बोटांकडे बघते आणि हात मागे घेते. ती बोटं त्या दिवशी चुकली, की त्यांना हवं तेच त्यांनी केलं, हे तिला ठरवता येत नाही. कपडे ती कोरडेच दाबते. सुरकुत्या राहतात, गिऱ्हाइकं कुरकुरतात.