बगळोबाची किल्ली आणि काकांचा उजवा हात

माऊसचा बाण बरोबर किल्लीवर होता. आता फक्त क्लिक करायचं होतं. काका करत नव्हते.

"काका, दाबा ना. जमतंय तुम्हाला."

काकांची नजर स्क्रीनवरून बाजूला गेली. किल्ली तिथेच.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. पनवेलच्या एका रिहॅब सेंटरमध्ये काम करते. स्ट्रोक किंवा अपघातानंतर माणसाला चमचा धरणं, बटण लावणं पुन्हा शिकवायचं, हे आमचं काम. काका मूळचे उरणकडचे, न्हावा शेव्याच्या बंदरातून निवृत्त झालेले, आता करंजाड्याला राहत होते. स्ट्रोकला दोन महिने झाले होते. चालणं सुधारलं होतं, बोलणंही. उजवा हात मात्र मांडीवर पडून. पहिल्या काही महिन्यांत हात जेवढा परत येतो तेवढा नंतर सहसा येत नाही, म्हणून मला घाई होती. काकांना नव्हती. खुंट्या बसवायचा बोर्ड पुढे ठेवला की म्हणायचे, "मॅडम, ही काय बालवाडी हाय?" त्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

गेमची आयडिया त्यांच्या मुलीची, सायलीची. ती विचुंब्याला राहते, हाफ डे टाकून यायची. आमच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर 'कॅप्टन बगळोबा' हे कार्टून लागायचं. खाडीत होडी चालवणारा बगळा. प्रवासी होडीत काय काय विसरायचे आणि हा ते शोधून द्यायचा. आता त्याचा कॉम्प्युटर गेम आलाय, पॉइंट अँड क्लिक. म्हणजे मारामारी नाही, वेळेची मर्यादा नाही. समोर चित्र असतं. वस्तूवर क्लिक केलं की बगळोबा ती उचलतो, मग ती दुसरीकडे वापरून पुढची वाट उघडायची. माझ्या दृष्टीने सोनंच. बाण हलवायला खांदा आणि मनगट लागतं, क्लिकला एकटी तर्जनी. स्ट्रोकनंतर एकच बोट वेगळं हलवणं फार अवघड.

गेमची सुरुवातीची धून वाजली आणि माझे डोळे भरले. रविवारी आई माझ्या केसांना तेल लावायची. ही धून लागली की तिचा हात थांबायचा, कारण तिलाही बघायचं असायचं. मला आईची फार आठवण आली. काकाही हसले, मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. आणि आपणहून माऊसकडे हात नेला.

पण तीन सेशन्स झाली तरी गाडी किल्लीपाशीच. मी माऊस बदलला, मनगटाखाली उशी दिली. कुठे माशी शिंकतेय ते कळेना.

आमच्या सरांनी फाइल चाळली. "लिहून टाक, सूचना कळतात पण कृती सुरू होत नाही. सोमवारपासून त्यांचा स्लॉट दुसऱ्या पेशंटला दे. वेटिंग मोठं आहे."

"सर, शुक्रवारचं सेशन होऊ दे."

"तेवढं एकच."

शुक्रवारी पुन्हा तेच. बाण किल्लीवर, बोट गार. मी वैतागले होते. काही बोलून जाईन म्हणून खुर्ची मागे सरकवली आणि नुसती बघत बसले. इतके दिवस मी फक्त बोटाकडे बघत होते. आता दिसलं, काका दर वेळी शेजारी बसलेल्या सायलीकडे बघत होते. तिच्या हाताकडे. ती फोनमध्ये होती.

"काका, तिच्याकडे काय बघताय?"

"मंग कोनाकडं बगू? सिग्नल कोन देनार?"

"कसला सिग्नल?"

काकांना माझी कीव आली असावी. "मॅडम, आमी क्रेनवर होतो. खाली मानसं असतात. सिग्नलमनचा हात बगल्याबिगर आमी काय उचलत नाय, काय ठेवत नाय."

सायलीने फोन खाली ठेवला. "अय्या, बाबा! बगळोबा बघताना तुम्ही भरवायचात तेव्हाचा?" मग मला म्हणाली, "मॅडम, रविवारी सुट्टी असली की बाबाच भरवायचे. घास माझ्या डोक्यावर धरून थांबायचे. मी बोट खाली करून फिरवलं की क्रेन खाली यायची. मी मुद्दाम सिग्नल द्यायचे नाही. भात गार व्हायचा, पण बाबा हात हलवायचे नाहीत."

ती स्क्रीनशेजारी उभी राहिली. हात लांब करून बोट खाली केलं आणि गोल फिरवलं.

काका चिडले. "आगो, ह्यो खाली सोडाचा. किल्ली उचलाची हाय ना?"

सायलीने बोट वर करून फिरवलं.

क्लिक. बगळोबाने चोचीत किल्ली उचलली.

सायली रडायला लागली. मीही. काका स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "रडता काय? म्होरं पेटी उघडाची हाय. दे सिग्नल."

सरांनी स्लॉट ठेवला. आधी सायली सिग्नल द्यायची, मग मी, मग कोणीच नाही. दीड महिन्यात काकांनी गेम संपवला. अंगठा अजून आखडतो, शर्टाचं सगळ्यात वरचं बटण लागत नाही. बाकीची लागतात.

परवा त्यांची फाइल पुन्हा काढली. पहिल्याच पानावर 'व्यवसाय' असा रकाना आहे. त्यात माझ्याच अक्षरात एक शब्द होता, निवृत्त. आता नव्या पेशंटच्या फाइलमध्ये मी तिथे तो शब्द लिहीत नाही. या हातांनी आयुष्यभर काय केलं ते विचारते, आणि रकाना पुरला नाही तर मागच्या पानावर लिहिते.