श्रावणातलं माप

आमचा शेजारी गुरुबसप्पा पुण्याला रसायन शिकून आला आणि गिरणीच्या रंगखात्यात मास्तर झाला. हा माणूस चहातली साखरही तोळ्यात सांगायचा. मुलगी बघायला गेला, तर पोह्यातल्या हळदीत भेसळ आहे असं सांगून परत आला. पुढं त्याचं लग्न जमलं, ते दुसऱ्या घरी मी त्याला तोंड उघडू दिलं नाही म्हणून.

असा माणूस राजकारणात टिकेल का? पण त्याची धाकटी बहीण निंगव्वा पटकीनं गेली होती. उन्हाळ्याआधी पेठेतल्या प्रत्येक विहिरीत औषध पडावं म्हणून त्यानं म्युनिसिपालिटीत अर्जांवर अर्ज केले. उत्तर एकच, तुमचे मेंबर हिंदुराव यांना भेटा.

हिंदुराव म्हणाले, "मास्तर, औषध आजाऱ्याला द्यायचं असतंय. पाण्याला काय ताप आलाय व्हय?"

मग गुरुबसप्पा स्वतःच निवडणुकीला उभा राहिला. इंग्रजांनी गावावर लादलेला लष्करी कायदा उठून तेव्हा दोनएक वर्षं झाली होती. भाषणात तो "बहुतेक" आणि "तपासून सांगतो" एवढंच बोलायचा. मी म्हटलं, "अरे, मत मागतोयस की नाडी बघतोयस?"

मतदानाला आठ दिवस असताना त्यानं गल्लीच्या विहिरीत जांभळ्या खड्यांचं औषध टाकलं. गुलाबी झाक येऊन सकाळपर्यंत जायला हवी होती. सकाळी बघतो तर विहीर वांग्याच्या रंगाची! पलीकडच्या विणकर अक्कम्मानं पहाटे अंधारातच धोतराच्या सुताच्या चाळीस लडी त्या पाण्यात भिजवल्या होत्या. त्या तपकिरी होऊन दोरीवर लोंबत होत्या.

"गिरणीचा रंग हितं आणून वतला का वो मास्तर?" अक्कम्मा कडाडली. गल्ली गोळा झाली. हिंदुराव तर हजरच.

"बघा! निवडून यायच्या आदीच विहीर नासवली!"

मी गुरुबसप्पाच्या कानाशी लागलो, "सांग, कुणा वैऱ्यानं टाकलं म्हणून. सगळे आपोआप हिंदुरावाकडं बघतील."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच ती भेसळीची हळद. मग विहिरीच्या कठड्यावर चढला.

"चूक माझी. विहिरीतलं पाणी मी श्रावणात मोजलं आणि औषध टाकलं चैत्रात. पाणी निम्म्यावर आलंय हे ध्यानातच घेतलं नाही. रंग जाईपर्यंत पिऊ नका. सुताचे डाग लिंबानं निघतात, मी काढून देतो."

"कबूल केलं की!" हिंदुराव हसले.

गुरुबसप्पा दोन टोपल्या लिंबं घेऊन अक्कम्माच्या दारात बसला. पिळायला मी. बोटांची आग झाली, पण दुपारपर्यंत लडी पांढऱ्या झाल्या. अक्कम्मानं एकेक लड उन्हात धरून बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "हिंदुरावाला बारा वर्सं निवडून दिलं. दर उन्हाळ्यात माणसं मेली. माजं चुकलं, असं एकदा तरी म्हनाला का?"

गुरुबसप्पा सतरा मतांनी आला. पेठेतल्या सगळ्या विहिरींत औषध पडलं आणि त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतून एकही तिरडी उठली नाही.

आता तो जिल्ह्याच्या सभा गाजवतो, "बहुतेक" म्हणतच. पुढं दिल्लीला जाईल म्हणतात. जाऊ दे. पण चैत्रात विहिरीत मापाची दोरी सोडायला त्याला इथं यावंच लागतं. दोरी धरायला अक्कम्मा स्वतः उभी असते, आणि लिंबांची टोपली घेऊन मी.