ढाण्याच्या डोक्यावरचा हात

लिफ्टमध्ये शेजारच्या बाईंचं पिटुकलं कुत्रं माझ्या चपलेवर येऊन बसलं आणि कुरवाळून घ्यायला मान वर करून वाट पाहू लागलं. लेकीने विचारलं, "बाबा, आपण असं आणायचं, की तुम्हाला राखणीचंच हवं?"

"असंच आणू," मी म्हणालो. तिला नवल वाटलं, कारण आमच्या मळ्यातल्या दांडग्या ढाण्याचं कौतुक ती लहानपणापासून ऐकत आलीय.

रानात मेंढ्या बसवायला येणाऱ्या धनगराने ते पिल्लू देताना माझ्या वडिलांना बजावलं होतं, "आप्पा, भाकरी पोटभर घाला, पण अंगाला हात लावू नका. लाडावलं की राखण विसरतं." आप्पांनी ते पाळलं. तसा त्यांचा हात आम्हा मुलांच्या पाठीवरूनही क्वचितच फिरला; माया काय ती भाकरीतूनच पोचायची.

बारा वर्षांनी ढाण्या थकून उठेनासा झाला. एका संध्याकाळी आप्पा त्याच्याजवळ बसले आणि पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ढाण्याला ते काय आहे, कळलंच नाही. काहीतरी काम निघालं असेल असं वाटून तो धडपडत उभा राहिला.